चारशे बाराच्या खाली

बाजार समितीच्या फळ्यावर भाव लिहिण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. डावीकडे सोयाबीन, तूर, हरभरा, गहू अशी नावं आणि पुढे तीन रकाने: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. दुपारी हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपतो, मालाचे काटे होतात, अडत्यांच्या विक्रीच्या पट्ट्या माझ्या टेबलावर येतात आणि पाचच्या सुमारास मी खडू घेऊन बाहेर जातो. माझं अक्षर चांगलं आहे. ज्याचं अक्षर चांगलं त्याला आपलं सगळंच चांगलं आहे असं वाटू लागतं, तसं मलाही वाटायचं.

फळा लिहून होतो ना होतो तोच कुणीतरी भांडायला येतं. "फळ्यावर इतका भाव लिवला, मले काहून नाई भेटला?" यावर माझं एक उत्तर तोंडपाठ आहे. तुमच्या ढिगाचा भाव म्हणजे तुमच्या ढिगावरची शेवटची बोली. फळ्यावरचा सर्वसाधारण भाव कुणा एकाच्या ढिगाचा नसतो. ज्या भावात जास्त माल गेला, त्याला जास्त धरून तो काढतात. तुमचाही खरा, फळ्यावरचाही खरा. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की सांगताना माझं लक्ष बसच्या वेळेकडे असतं.

मी शिरपूर जैनला राहतो. तालुक्याच्या गावी नोकरी, सकाळी बसने जायचं आणि संध्याकाळी बसने यायचं. घरात मी आणि बायको दोघंच; मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली.

गेल्या वर्षी बायकोच्या माहेरी, इंझोरीकडे, शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला आणि मोबदला आला. आमच्याकडे अशा वेळी बहिणीला साडीचोळी करतात आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतात. तिच्या भावाने तसं केलं नाही. एका रविवारी तो आला आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यावर टाकल्याची पावती तिच्या हातात ठेवली. त्या दिवशी त्याला वाढताना ती दोनदा पोळी वाढायची विसरली, एवढंच मला आठवतं.

त्या पैशांचं काय करायचं हे तिने पावती हातात पडायच्या आधीच ठरवलं असावं. तिला चक्की टाकायची होती. आमच्या गावात जैन यात्रेकरू बारमाही येतात आणि इथली जैन घरं पिठाच्या बाबतीत फार कडक. पावसाळ्यात तीन दिवसांपूर्वीचं पीठ त्यांना चालत नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात चार-दोन दिवस जास्त, पण शिळं ते शिळंच. शिवाय चक्की धुतलेली, पुसलेली हवी आणि दिवस मावळायच्या आत दळण हवं. "म्हंजे गिऱ्हाईक हप्त्यातून दोनदा येनारच," बायको म्हणायची, "आन स्वच्छता मले कोनी शिकवाले नको." मंदिराच्या वाटेवर एका शिंप्याचा गाळा दिवाळीनंतर रिकामा होणार होता. मालकाशी तिनेच बोलणं केलं. मी फक्त सोबत उभा होतो.

दिवाळीला अजून चार महिने होते, आणि तिथे मी तोंड घातलं.

"चार महिने पैसे नुसते पडून काय करतीन?" हे माझं वाक्य. आजही बसमध्ये खिडकीपाशी बसलो की ते माझ्याच आवाजात मला ऐकू येतं.

आमच्या यार्डात एक खरेदीदार आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तीन पिढ्यांपासून धान्याचा व्यापार आणि गेली काही वर्षं शेअरचाही नाद. त्यांच्यापाशी बसून बसून मलाही चार गोष्टी कळल्या होत्या, म्हणजे कळल्यासारख्या वाटत होत्या. शेतीचे पाइप बनवणारी एक कंपनी मी निवडली. पाइप आपण डोळ्यांनी पाहतो, शेतात पडलेले असतात, म्हणून माझा भरवसा. बायकोने ऐकून घेतलं. मग कॅलेंडर उलटं करून त्याच्या पाठीवर पेन्सिलने बराच वेळ गणित केलं आणि म्हणाली, "चारशे बारा."

"काय चारशे बारा?"

"आता चारशे तीसले घेऊन राह्यले ना तुमी? चारशे बारापर्यंत माही चक्की बी येते आन गाळ्याची अनामत बी भरते. त्याच्या खाली दोन्हीपैकी एकच होते." लाटणं हातात घेऊन ती पुढे म्हणाली, "दिवसभर वरखाली होऊ द्या, मले त्याचं घेनंदेनं नाई. बाजार सरला की कितीवर बंद झाला तेवढं सांगा. चारशे बाराच्या खाली बंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी विकून टाकाचं. मंग तुमचं नाई आन माहं नाई ऐकाचं."

मी हो म्हणालो. शपथ वगैरे नाही. शपथ घ्यावी अशी वेळ आमच्यात कधी आली नव्हती.

शेअरचं खातं तिच्या नावावर काढलं. पैसा तिचा होता, आणि संदेशही तिच्याच नंबरवर येणार, म्हणून खातं काढून देणाऱ्याने माझ्यासारखं तिच्याही फोनमध्ये भाव दाखवणारं ॲप टाकलं. पण पाहायचं काम माझं. "तुमाले त्यातलं समजते," असं ती म्हणाली होती, आणि ते ऐकून मी दोन दिवस ताठ चाललो.

रोज साडेतीनला बाजार बंद व्हायचा. फोनवर मिनिटामिनिटाची वाकडीतिकडी रेघ असते, ती जिथे थांबायची तो आकडा मी तिला फोन करून सांगायचो. ती कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या खुणेखाली, निळ्या पेनाने लिहून ठेवायची. कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन म्हणायचा, कालच्यापेक्षा इतका वाढला, आणि माझ्या गणितात काही पैशांचा फरक यायचा. पाच पैसे, वीस पैसे. मी म्हणायचो, फोनच गचाळ आहे. हर्रासात माझी उमर गेली. शेवटची बोली झाली, अडत्याने नाव पुकारलं, की तोच भाव. त्याच्यावर देवही काही करू शकत नाही. शेअर बाजारातही शेवटची बोली तोच भाव असणार, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

पोळ्यापर्यंत ठीक चाललं. मग भाव उतरू लागला. रोज रुपया, दोन रुपये. चारशे वीस, अठरा, साडेसोळा. पडायचंच तर धाडकन पडावं, एकदाच रडून मोकळं व्हावं. हे असं थेंबथेंब उतरणं फार वाईट. माझं जेवण कमी झालं. पट्ट्या तपासताना एका हाताने टेबलाखाली फोन धरायचो. दूध उतू जाईल म्हणून पातेल्यापाशी उभं राहावं तसा मी दिवसभर त्या रेघेपाशी उभा होतो. तापट तर मी आहेच, पण त्या दिवसांत मापाऱ्यावर, शिपायावर, बसच्या वाहकावर, कुणावरही उखडायचो. घरी मात्र गोड बोलायचो. बायकोने एकदा विचारलंही, "एवढं गोड काहून बोलून राह्यले?"

गणपती झाले, नवं सोयाबीन यायला लागलं. एका मंगळवारी यार्ड तुडुंब भरलं होतं आणि भाव चारशे बाराच्या उंबऱ्यावर येऊन बसला होता. तीन वाजता मी गोदामामागे जाऊन उभा राहिलो. चारशे अकरा साठ. चारशे अकरा चाळीस. तीन वीसला पुन्हा चारशे अकरा साठ. मनात मी वाक्य जुळवत होतो की तिला कसं सांगायचं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काटा चालू असताना मी जागेवर नव्हतो. तीन अठ्ठावीसला रेघ अचानक उठली. चारशे बारा दहा, चारशे बारा साठ, आणि थांबली. साडेतीन.

मी तिथेच गोदामाच्या भिंतीला टेकलो आणि फोन लावला. "चारशे बारा साठ!"

"वाचलं म्हना," ती म्हणाली. पेन शोधल्याचा आवाज आला.

पाचला फळा लिहिला. किन्हीराजाकडची एक बाई पदर खोचून पुढे आली. तिच्या मालात ओल होती म्हणून भाव कमी लागला होता, पण हिशेब ती मलाच विचारत होती. त्या दिवशी मी खुशीत होतो, म्हणून नेहमीचं उत्तर जरा रंगवून दिलं. शेवटची बोली निराळी, सर्वसाधारण भाव निराळा, बाई, तुमचाही खरा आणि फळ्यावरचाही खरा. तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एका दिवसाचे दोन-दोन खरे कसे अस्तेत, बाबू?" ती म्हणाली आणि निघून गेली.

मी हसलो. शिपायाला सांगूनही हसलो.

बसमध्ये जागा मिळाली. सहज, काही कारण नसताना, पुन्हा फोन काढला. तिथे लिहिलं होतं: बंद भाव चारशे अकरा पंच्याऐंशी.

मी ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं. फोन बंद केला, पुन्हा चालू केला. मिनिटाची रेघ पाहिली, तिचं टोक चारशे बारा साठवरच होतं. रोजच्या भावाचा तक्ता पाहिला, तिथे चारशे अकरा पंच्याऐंशी. एकच कंपनी, एकच दिवस, एकच फोन. शेजारच्या माणसाने विचारलं, "बरं नाई वाटून राह्यलं का?" मी मान हलवली आणि चाचांना फोन लावला. आवाज बारीक ठेवला.

"बाबू, तुमाले दिसला तो आखरी सौदा," चाचा म्हणाले. "बंद भाव त्याले नाई म्हनत. तीन वाजतापासून साडेतीन वाजेपर्यंत जेवढा माल गेला, त्या साऱ्याचा मिळून काढतेत तो. ज्या भावात जास्त माल, त्याचं वजन जास्त. आता पाहा, समजा पाचशे पोते गेले चारशे अकराच्या वरच्या पैशात, आन आखरी दोन मिनिटांत थोडेसेच पोते गेले चारशे बारा साठात. तुमी फळ्यावर काय लिवसान? त्या थोड्या पोत्याचा भाव लिवसान का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आखरीले कोनी दोन पोते चढ्या भावानं घेऊन साऱ्या दिवसाचा भाव बिघडवू नये, म्हून हे केलं हाय," ते म्हणाले. "रेघेत आखरी सौदा दिसते, रोजच्या तक्त्यात काढलेला भाव दिसते. दोन्ही बराबर हायेत. अरे, तुमी तर जनमभर हेच करून राह्यले! काहून, काय झालं?"

"काई नाई. सहज विचारलं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझी आई ही म्हण दुसऱ्यांसाठी वापरायची. त्या बसमध्ये ती माझ्यासाठीच केली आहे असं वाटलं. तासाभरापूर्वी मी हातवारे करून त्या बाईला हेच तर सांगितलं होतं.

बसमधून उतरलो तेव्हा मी ठरवलं होतं की जाऊन सांगायचं. चूक झाली, मला नियम माहीत नव्हता, उद्या सकाळी विकू. एवढी तीन वाक्यं. घरी पोचलो तर ती चुलीवर, म्हणजे गॅसवरच, आम्ही अजून चूल म्हणतो, वांग्याची भाजी टाकून बसली होती. कॅलेंडरवर निळ्या शाईत चारशे बारा साठ लिहिलेलं होतं. "आज तर जीवच गेला असता," ती म्हणाली. मी म्हणालो, "हो ना." आणि निघालं ते हे चौथंच वाक्य, ठरवलेली तीन राहून गेली.

का राहिली? याचा मी फार विचार केला आहे. पैशाचा लोभ होता, नाही म्हणत नाही. उद्या वाढेल असं वाटत होतं. पण त्याहून मोठं हे होतं की 'तुमाले त्यातलं समजते' हे तिचं वाक्य मला परत द्यायचं नव्हतं. भाव लिहिणारा माणूस मी, आणि भाव म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं, हे सांगायची मला लाज वाटली. पंधरा पैशांसाठी कुठे घर बुडतं, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय साडेतीनला मी खोटं बोललो नव्हतो. साडेतीनला मला दिसलं तेच सांगितलं होतं. हे खरं होतं, म्हणून मी ते रात्रभर घोकत राहिलो.

बुधवारी भाव चारशे चौदावर गेला. गुरुवारी चारशे सोळा. मला इतका आनंद झाला की स्टँडवरून गरम कचोऱ्या घेऊन गेलो. बायकोने एक खाल्ली, दुसरी माझ्याकडे सरकवली. "काई सांगाचं हाय का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "कायचं? भाव वाढला, बस." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं, तिचा साधा प्रश्नही मला टोचला. शुक्रवारी चारशे पंधरा. तिन्ही दिवस आता मी साडेतीनला फोन करत नव्हतो. संध्याकाळी तक्त्यातला भाव आला की मगच करायचो. ती म्हणाली, "आताशी उशीर करून राह्यले." मी म्हणालो, यार्डात गर्दी असते.

शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर त्या कंपनीचा तिमाही निकाल आला. नफा अर्ध्यावर. बातमी मी संध्याकाळी बसमध्येच वाचली. शनिवार, रविवार बाजार बंद, विकायची सोय नाही. ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. रविवारी तिने मला गाळ्यापर्यंत नेलं, शिंप्याला विचारून आत पाऊल टाकलं आणि पट्टीने भिंत मोजली. चक्की कुठे, वजनकाटा कुठे, बसायला बाकडं कुठे, सगळं मला दाखवत होती. मी "हो, हो" करत होतो.

सोमवारी बाजार उघडला तो तीनशे एक्काहत्तरला. अकरापर्यंत तीनशे साठ. मी पट्ट्यांवर चुकीचे आकडे लिहिले, अडत्याने परत आणून दिल्या. बुधवारी सकाळी, ठरल्याप्रमाणे, चारशे चौदाला विकलं असतं तर चक्कीही आली असती आणि गाळाही. हे गणित मी दिवसभरात पन्नास वेळा केलं. साडेतीन वाजले. संध्याकाळपर्यंत मी फोन केला नाही. तिचाही आला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलेलं. मी म्हणालो, "भाव पडला व. लय पडला. निकाल खराब आला."

"मालूम हाय."

मी चप्पल काढत बसलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"मंगळवारी कितीवर बंद झाला होता?" तिने विचारलं.

अजूनही वेळ होती. तिने दार उघडून धरलं होतं, मी फक्त आत यायचं होतं. मी म्हणालो, "चारशे बारा साठ. लिवलं ना तू."

तिने कॅलेंडर माझ्यासमोर धरलं. मंगळवारच्या चौकटीत निळ्या शाईत चारशे बारा साठ. त्याच्याखाली पेन्सिलने, इतकं बारीक की जवळ नेल्याशिवाय दिसू नये, चारशे अकरा पंच्याऐंशी. ती त्या चौकटीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"सांजेले फोन उघडला होता मी," ती म्हणाली. "वाचलो म्हून खुशीत उघडला, आपलंच पाहाले. तर हा आकडा. मले वाटलं, मले समजत नाई, तुमी घरी आले की सांगसान. तुमी आले, हो ना म्हनले आन हातपाय धुवाले गेले."

"साडेतीनले तोच भाव होता," मी म्हणालो. "तुह्या गळ्याची आन. मले नियमच मालूम नव्हता. चाचाले विचार."

"साडेतीनले असंनच. मी साडेतीनचं कुठं म्हनून राह्यली? तुमी घरी आले तवाचं म्हनून राह्यली."

मग, मला आता सांगायलाही लाज वाटते, मी उलटा तिच्यावर घसरलो. "तुले दिसलं होतं तर तू काहून नाई विकलं? खातं तर तुह्या नावावर हाय!"

ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. कॅलेंडरची सुरळी करत म्हणाली, "बुधवारी वाढला तवा मले बी लालच सुटली. म्हनलं राहू द्या. ते माहं. पैशाचं पाप मी तुमच्या एकल्याच्या डोक्यावर नाई टाकत." सुरळी मांडीवर ठेवून ती पुढे बोलली. "पन रोज वाट पाह्यली, आज सांगतीन, आज सांगतीन. कचोरी आनली त्या दिवशी तर विचारलं बी तुमाले. भाव तर मले पह्यल्याच दिवशी दिसला होता. पाच दिवस मी तुमाले पाहून राह्यली होती."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवलो. तिने पोळ्या नेहमीसारख्या मोजून वाढल्या. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या फोनवरून, मला न विचारता, सगळे शेअर विकले. कसं विकायचं ते तिला येत होतं. गाळा दिवाळीनंतर एका मोबाइलच्या कव्हरवाल्याला गेला. तिने लहान चक्की घेतली, घरातच पुढच्या खोलीत बसवली. मंदिराच्या वाटेपासून आमचं घर आत आहे, यात्रेकरू इथपर्यंत येत नाहीत. पण गल्लीतली जैन घरं येतात, कारण ती प्रत्येक दळणानंतर चक्की पुसते आणि सूर्य मावळला की कितीही आग्रह केला तरी बटण दाबत नाही. धंदा चालतो. मोठा नाही, पण चालतो.

घरात बोलणं-चालणं आहे, हसणंही आहे. कॅलेंडरवर आता फक्त दुधाच्या खुणा असतात. साडेतीन वाजले की माझा हात अजून खिशाकडे जातो आणि मग मी त्याला खडूच्या डबीकडे नेतो. किन्हीराजाची ती बाई हरभरा घेऊन परत आली होती. फळ्यासमोर उभी राहिली. मी माझं पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा भाव, तिची पट्टी, फळ्यावरचा भाव, तिन्ही जमिनीवर खडूने मांडून, गोणीवर बसून, पाऊण तास समजावून सांगितलं. तिला पटलं का, ठाऊक नाही. ती म्हणाली, "आज लय वेळ देल्ला, बाबू."

परवाची गोष्ट. पट्ट्या यायला उशीर झाला आणि माझी सहाची बस निघून गेली. मी घरी फोन करून सांगितलं, सहाची हुकली, सातच्या बसने येतो. ती म्हणाली, "बरं." सातच्या बसने उतरून गल्लीत शिरलो तर शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचे यजमान रोज सहाच्या बसने येतात. वहिनी हसत म्हणाल्या, "काहो, तुमच्या मंडळी आमच्या ह्यायले विचारून राह्यल्या होत्या, सहाच्या बसमधी तुमी होते का म्हून."

मी खिशातलं सातच्या बसचं तिकीट चाचपलं. बस खरोखरच हुकली होती.